गल्लीच्या तोंडावरचा चौथरा

२८ ऑक्टोबर १९५७, सोमवार

दिवाळी संपली. शाळा आज उघडली, पण मी गेले नाही. तांडेल आजोबांना पोचवून आले. शनिवारी मागच्या चाळीत आग लागली. आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. कोपऱ्यातल्या खोलीत धुरात तसेच राहिले. काल संध्याकाळी इस्पितळात गेले.

जळलं म्हणावं तर फार नाही. तळमजल्यावरच्या गोदामातला गिरणीचा टाकाऊ कापूस, चार खिडक्या, जिन्याची एक बाजू. कुणाच्या तरी पोराचा बाण आत गेला म्हणतात. बंब वेळेवर आला, घंटा मी स्वतः ऐकली. गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला, कारण मध्ये दत्तूचा चौथरा. पाइप हातानं ओढत आणला, तोही मागच्या चाळीच्या जिन्यापाशी संपला. मग आम्ही आपल्या बादल्या घेऊन.

परतल्यावर गल्लीत बायका म्हणत होत्या, "म्हातारा होता, सुटला." सुटला म्हणे! हाका मारत होता तो. मी ऐकल्यात.

३० ऑक्टो.

फायर ब्रिगेडचे अधिकारी गायकवाड पाहणीला आले. नायगावला राहतात, बोलणं तुटक. चौथऱ्याभोवती फिरले. "बाई, हा इथंच का बांधला?"

सांगितलं सगळं. गेल्या वर्षी जानेवारीत, मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून आंदोलन पेटलं तेव्हा, पोलिसांची गाडी गल्लीत घुसली. नळापाशी उभा असलेला दत्तू गोळीनं पडला. एकोणीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार. त्याच्या हातात दगडही नव्हता, कळशी होती. दुसऱ्या दिवशी गल्लीनं तोंडाशी दगड रचून वाट अडवली. पुढं त्याच दगडांचा चौथरा केला, वर त्याच्या नावाची शिळा बसवली. जागा मुद्दाम तीच. पुन्हा कुठलीही गाडी आत येता कामा नये म्हणून.

गायकवाड म्हणाले, "मग बरोबर बांधलाय. येत नाही गाडी."



१ नोव्हेंबर, शुक्रवार

वॉर्ड ऑफिस. इंजिनिअरसाहेबांपुढं तासभर. एका बाजूला आमच्या पुढच्या चाळीचा खांब, तो काढला तर चाळच खाली बसेल. दुसऱ्या बाजूला चौथरा. तो उचलून आत तालमीच्या भिंतीशी न्यायचा, एवढाच मार्ग. गोदाम हलवा म्हटलं, तर मालकानं कोर्टातून स्थगिती आणलेली. शिवाय गल्लीतल्या वीसेक बायका तिथंच कापूस निवडतात. गोदाम बंद केलं तर त्याच माझ्या दारात येतील.

ह्या कामाला मंजूर झालेले पैसे मार्चअखेरपर्यंत आहेत. नंतर परत जातील.

"कॉर्पोरेटरबाईंची संमती असेल तर उद्या माणसं पाठवतो," इं. म्हणाले. म्हणजे काम त्यांचं, शिव्या मला.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे गोदीत कारकून, प्रत्येक गोष्टीवर शेरा मारायची सवय. "सहा महिन्यांपूर्वी तुला नगरपिता म्हणायचं की नगरमाता, असा प्रश्न होता. आता कळलं. नगरसासू."

हसू आलं नाही.

५ नोव्हें.

अण्णांकडे गेले. गल्लीच्या मंडळाचे अण्णा, साताऱ्याकडचे, गिरणीत जॉबर होते, खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम. संपात दोनदा तुरुंगात जाऊन आलेत. चौथऱ्याचा पहिला दगड त्यांनी ठेवलाय. चहा दिला, बिस्किटं दिली. मी विषय काढला तशी कपबशी उचलून आत ठेवली.

"बाई, तुमाला मतं कुनी दिली?"

"गल्लीनं."

"गल्लीनं न्हाई. दत्तूनं दिली. त्याच चौथऱ्यावर उभं ऱ्हाऊन बोलला व्हता तुमी. आता तोच तुमच्या पायात येतोय व्हय?"

खरं आहे, बोलले होते. लोक रडले होते. मीही रडले होते. त्यात खोटं काही नव्हतं. पण आजोबांच्या हाकाही खोट्या नव्हत्या, हे अण्णांना कसं सांगू? सांगितलंच. म्हणाले, "म्हातारा व्हता." पुन्हा तेच!

९ नोव्हें., शनिवार

पारूमावशी. दत्तूची आई, कोकणातली. तिला आधी विचारायला हवं होतं, अण्णांना नंतर. धीर झाला नाही म्हणून उलटं केलं.

मावशीचा नेम ठरलेला. सकाळी पाणी भरून झालं की शेवटची कळशी चौथऱ्यावर ओतते, शिळा पदरानं पुसते, एक फूल ठेवते, मग गोदामात कापूस निवडायला जाते. आज मी शेजारी जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. बंब, जिना, आजोबा, तालमीची भिंत. तिथं सावली आहे, पावसात भिजणार नाही, असंही काहीबाही बोलले. ऐकत होती. शिळेवरचं पाणी निपटत होती.

मग म्हणाली, "बाई, माज्या झिलाक एकदा मारल्यानी. आता तुमी उचलून टाकतलात?"

आवाज चढवला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी शाळेत गेले आणि तिसरीच्या पोरींना उगाच झापलं.

१७ नोव्हें.

सगळी गल्ली प्रतापगडच्या तयारीत. तीस तारखेला महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला पंतप्रधान येणार, तिथं काळी निशाणं घेऊन जायचं. तालमीत काळं कापड फाडताहेत, बायका भाकऱ्या बांधून द्यायचं ठरवताहेत. ट्रक ठरलेत. महाराष्ट्राचा प्रश्न मोठा आहे, मलाही मुंबई हवीच आहे. पण मिळालेल्या मुंबईत आमच्या गल्लीत बंब येईल का, हे विचारायची ही वेळ नाही, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसतं.

मीही प्रतापगडला जाणार होते. शाळेनं रजा नाकारली.

२१ नोव्हें.

इंजिनिअरांनी बोलावलं. दार लावून घेतलं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"बाई, तीस तारखेला तुमच्या गल्लीत पुरुष नसतील. त्याच दिवशी सकाळी उरकून टाकू. संध्याकाळपर्यंत चौथरा तालमीपाशी उभा करून देतो, शिळेला धक्का लागणार नाही. आल्यावर बघतील, चार दिवस बोंबलतील, गप्प बसतील."

"गल्लीत बायका असतील."

"बायकांचं काय?"

"मीही बाईच आहे," म्हटलं.

हसले. मीही उठून आले. पण नाही म्हटलं नाही. ट्रॅममध्ये बसल्यावर लक्षात आलं की नाही म्हटलं नाही.

२६ नोव्हें.

अजून कळवलेलं नाही. फोन वॉर्ड ऑफिसात आहे, नाक्यावरच्या दवाखान्यातही आहे. रोज त्यावरून जाते. एक फोन करायचा, "थांबा" म्हणायचं. करत नाही.

आज मागच्या चाळीत गेले होते. जळलेल्या जिन्याला बांबू बांधलेत. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळतात. गोदामात कापूस पुन्हा छतापर्यंत.

ह्यांना सांगितलं. शेरा नाही मारला. म्हणाले, "चांगलं काम चोरून करतेस, तर चोर कोण म्हणायचं?"

३० नोव्हें., शनिवार

अक्षर बघ कसं आलंय.

ट्रक काल गेले. आज सकाळी नळाचं पाणी जाता जाता म्युनिसिपालिटीची लॉरी आली. पहारी, दोर, सहा-सात माणसं. मुकादम भर गल्लीत ओरडला, "बेकायदा बांधकाम कुठाय?"

बेकायदा! हा शब्द त्याला कुणी शिकवला? कागदावर असेल तसा. पण गल्लीनं ऐकला. भरलेल्या कळश्या तशाच टाकून बायका आल्या. कुणी कुणाला हाक मारली नाही. पारूमावशी चौथऱ्यावर चढून बसली, शिळेला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन. बाकीच्या भोवती. मुकादम माझ्याकडं बघायला लागला. "बाई, तुम्हीच सांगा ह्यांना."

तुम्हीच! तिथंच सगळ्यांना कळलं.

मी त्याला परत पाठवलं. लॉरी गेली. कुणी शिवी दिली नाही, कुणी थुंकलं नाही. मावशी चौथऱ्यावरून उतरायला लागली तेव्हा मी हात पुढं केला. तिनं दुसऱ्या बाईचा धरला.

३ डिसेंबर

लोक प्रतापगडहून परतले, घसे बसलेले, अंगावर धूळ. त्याच बसलेल्या घशानं अण्णांनी सभा घेतली. तालमीत. मला बोलावणं नव्हतं, गेले.

"बाईंला ठावं व्हतं का, एवढंच इचारा," अण्णा म्हणाले.

ह्यांनी घरून निघताना सांगितलं होतं, इंजिनिअरवर ढकल, राजकारणात तेवढं चालतं. उभी राहिले आणि तोंडातून निघालं ते असं: "मला ठाऊक होतं. हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं."

मग अण्णाच म्हणाले, "बाई आमचं वंगाळ करतील, पर खोटं बोलणार न्हाईत." शाबासकी नव्हती ती. पण त्या वाक्याचा आधारही वाटला. माणूस कसलं असतं!

५ डिसें.

नळावर माझा नंबर येतच नाही. माझी कळशी रांगेत असते, रांग पुढं जाते, कळशी तिथंच. कुणी काही बोलत नाही. आज पाणी जाता जाता दोन तांबे भरले. हे खालच्या हॉटेलातून बादली घेऊन आले. म्हणाले, "नगरसासूला सुनांनी वाळीत टाकलं."

आज हसले. मग रडलेही थोडी.

८ डिसें., रविवार

गायकवाडांना भेटायला नायगावला त्यांच्या चाळीत गेले. गेल्या वर्षी त्यांच्या घरानं धम्म घेतला, दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांच्या पत्नीनं पोहे केले. म्हटलं, तुम्ही येऊन मावशीला समजवा. वर्दीचा मान असतो.

त्यांनी ताटली खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, आमच्या घरातले देव आम्ही सोडले. आता दगडापुढं हात जोडत नाही. पण परवा सहा तारखेला वर्ष झालं, तर दादरच्या समुद्रावर जाऊन दुपारभर उभा होतो. घरचे चला म्हणत होते, पाय निघेना. मी त्या माउलीला काय सांगू?"

"मग आम्ही काय करायचं?"

"तुम्ही ठरवा. आम्हाला वर्दी आली की आम्ही येतोच. येऊन उभे राहतो."

१९ डिसें., गुरुवार

पुन्हा गोदाम.

शाळेतून येत होते, दुपारची वेळ. मागून घंटा वाजत आली आणि आमच्याच गल्लीकडं वळली. मी धावले. वहाण तुटली, तशीच धावले. धूर काळा नाही, पांढरा, दाट. कापूस आतल्या आत धुमसत होता. बायका बाहेर पडत होत्या, खोकत, डोळे चोळत. पारूमावशी नव्हती.

बंब चौथऱ्यापाशी उभा. चौथरा आणि खांब यांच्यामधल्या फटीतून पाइप नेला तर पीळ पडून पाणीच जाईना. म्हणून बंबवाले पाइप खांद्यावर घेऊन चौथऱ्यावरून चढून येत होते. पहिला गडी, मिसरूडही न फुटलेला, घाईत त्याचा बूट शिळेला लागला. आणि तो थांबला. पाइप खांद्यावर, समोर धूर, मागून साहेब ओरडतोय, तरी वाकून शिळेला हात लावला, कपाळाला लावला, मगच उडी मारली. त्याच्या मागचा, तोही तसाच. प्रत्येक जण.

मी जागच्या जागी उभी. ओरडावंसं वाटलं, "अरे पाया काय पडताय, धावा!" ओरडता आलं नाही. मी तरी काय केलं असतं? पाय लागला तर माझाही हात आपोआप गेला असता.

मावशी सगळ्यांत शेवटी आली, त्याच पोराच्या आधारानं. बाहेर येऊन ओट्यावर बसली. मागचे दोघे अजून चौथऱ्यावरून चढत होते. ते वाकताना तिनं पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुरानं की कशानं, कळलं नाही. पण नजर हलवली नाही.

आग विझली. मेलं कुणी नाही. ह्या वेळी.

२२ डिसें.

सकाळी नळावर माझी कळशी कुणीतरी पुढं सरकवली. बघते तर मावशी.

पाणी भरून झाल्यावर म्हणाली, "बाई, तो पोर माज्या झिलावर पाय दिल्यान आणि उलटो फिरान पाया पडलो. आत मी होतंय."

मी कळशी खाली टेकवली.

"ह्या बरा नाय. लोकांनी दत्तूक तुडवून जावचा आणि तेची माफी मागीत ऱ्हवाचा. तोवर आत माणूस मरात."

माझ्या तोंडून निघालंच, "मग हलवूया, मावशी?"

"मी कोण हलवणारी? तेका इचारूक होया." आणि पुढं, अगदी बाजारात जायचं सांगावं तसं, "कौल लावूया."

घरी येऊन कळशी आपटली. कौल! गावच्या देवाला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी मुलींना विज्ञान शिकवते. म्युनिसिपालिटीच्या रस्त्याचा निकाल पाकळीवर?

हे म्हणाले, "तुझ्या कॉर्पोरेशनात हात वर करून निकाल लागतो, तेव्हा फार विज्ञान असतं का?"

२९ डिसें., रविवार

पुन्हा तालमीत सभा. ह्या वेळी बोलावणं होतं.

अण्णा भडकले. "दत्तू देव न्हवं. गोळी खाल्ल्याला मानूस हाय. त्याला पाकळ्या चिकटवून देव कराल, तर त्यो कशापायी मेला ह्ये कोन ध्यानात ठेवील?" पहिल्यांदा मला अण्णांचं सोळा आणे पटलं. बोलायला उठणार होते. मावशी आधी बोलली.

"अण्णा, तुमका तो हुतात्मा. माका झील. गावाक असताना शेत विकूचा असला तरी आमी बापाशीक इचारतो, मग तो मेललो का असाना. ह्येका नाय इचारूचा?"

अण्णा खाली बसले. पण अट घातली: १८ जानेवारी, दत्तूच्या दिवशी, सगळ्या गल्लीसमोर. उजवा आला तर चौथरा तालमीच्या भिंतीशी, गल्ली स्वतः उचलून नेईल, लॉरी नको. डावा आला, किंवा दिवस मावळेपर्यंत आलाच नाही, तर बाईंनी हा विषय पुन्हा काढायचा नाही. कॉर्पोरेशनात नाही, गल्लीत नाही.

"कबूल?"

मागच्या चाळीचा जिना डोळ्यांपुढं. दुसरा मार्ग नाही. "कबूल."

नियम मावशीनंच सांगितले. पाकळी पडताना माणसानं बघितलेली हवी. कुणी हात लावला तर कौल बाद.

७ जानेवारी १९५८

इंजिनिअरांना कळवलं, अठरापर्यंत थांबा. कशासाठी, ते सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू!

वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, पाकळी कशामुळं पडते?" गल्लीतलीच. म्हटलं, पाणी सुकतं, चिकटपणा जातो, वजनानं खाली येते. "मग दत्तूदादा सांगणार नाही?" शाळा सुटल्याची घंटा झाली, वाचले.

१२ जाने.

घरचा पाटा शिळेसारखा भिंतीला उभा केला. त्यावर शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यानं लावून बघितल्या. डावी आधी पडली. पुन्हा लावल्या, उजवी. पुन्हा लावल्या तर पडेचनात. हे दारात उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत, ह्याचंच आश्चर्य.

झोप नीट नाही. बंबाची घंटा नसली तरी ऐकू येते.

१८ जाने., शनिवार. संध्याकाळ

क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी सगळी गल्ली जमली. पोरं कठड्यांवर. गायकवाड साध्या कपड्यांत येऊन मागं उभे राहिले. अण्णांनी दत्तूला हार घातला, घोषणा झाल्या. मग मावशी पुढं झाली. शिळा धुतली. नावाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक पाकळी पाण्यानं लावली. गाऱ्हाणं घातलं. गावच्या देवापुढं घालतात तसं नाही, हळू, घरात बोलल्यासारखं. "दत्तू, बाबा, बंबाक वाट होयी. तू बसलंस ती जागा तुजी. सोडतंस तर सांग. नाय तर नाय सांग. रागाव नको." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही.

मग वाट बघणं. मावशी शिळेपाशीच बसली. मी समोर, अगदी जवळ, कारण अण्णांनीच तिथं बसवलं, "बाई, तुमी बगा." ऊन सरकलं. पाकळ्या तशाच. पोरं कंटाळून खाली उतरली. कुणी म्हणालं, डावी हलली. नव्हती हलली. ऊन खांबावर गेलं, मग वरच्या मजल्यावर. सुटकेचा सुस्कारा टाकावा तसे अण्णा दोनदा आकाशाकडं बघून गेले. मला समोर मार्च दिसत होता, एप्रिल, मे, कोरडा कापूस.

आणि हमरस्त्यावर घंटा वाजली. बंब.

सगळी गल्ली एका अंगानं तिकडं वळली. गायकवाडसुद्धा. आपल्याकडं वळतोय का? सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. घंटा जवळ आली, मोठी झाली, गल्लीच्या तोंडावरून पुढं निघून गेली, परळच्या बाजूला.

माझी मान वळली नव्हती. का, देव जाणे. पाकळीवर डोळे लावून लावून वळलीच नसेल.

मावशीचा हात मांडीवरून उठला. बोट शिळेवर, उजव्या बाजूला, एवढंसं. हात परत मांडीवर.

गल्ली माघारी वळली तेव्हा उजवी पाकळी खाली पडलेली होती.

"दिल्यान," मावशी म्हणाली. "दत्तून दिल्यान कौल." आणि रडायला लागली. अशी मी तिला दोन वर्षांत रडताना पाहिली नव्हती, त्या जानेवारीतही नाही. बायकांनी तिला धरलं. कुणी हात जोडले. मला एक कळत होतं, हे रडणं खोटं नव्हतं. लेकाला जागेवरून उठवून आली होती ती.

अण्णा पुढं आले. पाकळीकडं बघितलं, शिळेकडं बघितलं. "पडताना कुनी बगितली?"

कुणी नाही. सगळे घंटेकडं.

"वाऱ्यानं पडली आसंल, हातानं पडली आसंल. कुनी बगितली न्हाई तर कौल न्हाई. मावशींनीच सांगितल्याला नेम हाय." मग माझ्याकडं वळले. "बाईंचं तोंड हिकडंच व्हतं. मी बगितलंय. बाई, तुमी सांगा. तुमी सांगाल त्ये मला मान्य. माझ्या हातानं पहिला दगूड उचलीन. तुमी काय खोटं बोलणार न्हाई."

सगळी गल्ली माझ्याकडं. मावशी सोडून. तिनं मान वर केली नाही.

म्हटलं, "उद्या सकाळी सांगते." अण्णांच्या कपाळाला आठी पडली, पण म्हणाले, "बरं. सकाळी."

हे जिन्यात भेटले. "पडली की पाडली?" विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच हात वर केला. "नको. मला सांगू नकोस."

खिडकीतून चौथरा दिसतो. मावशी अजून तिथंच बसलीय, पडलेली पाकळी पदराच्या गाठीला बांधतेय. मागच्या चाळीत कुणाचा तरी स्टो भडकला, पोर ओरडलं, लगेच शांत झालं.

सकाळी नळाला पाणी येईल तेव्हा अण्णा तिथं उभे असतील. माझी कळशी मावशीनं पहिल्या नंबराला लावून ठेवलीय.